हिरड्यांपासून सुरुवात : दातांची निगा नव्याने घेणाऱ्यांसाठी

दंतवैद्यांच्या खुर्चीत मी पहिल्यांदा नीट बसलो ते वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही दात दुखत होता म्हणून नव्हे. मधुमेहाच्या गोळ्या वाढवूनही साखर हटवादीपणे वरच राहते हे पाहून माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी विचारले होते, की ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येते का. येत होते, कित्येक वर्षे येत होते. पण ते कुणाला सांगण्यासारखे आहे असे मला कधी वाटले नव्हते. दंतवैद्य बाईंनी बारीक खुणा असलेली एक बोथट सळई दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत अलगद उतरवली आणि एकेका दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजत त्या आकडे सांगू लागल्या : तीन, दोन, तीन, तीन, तीन, पाच, चार, पाच, सहा. मदतनीस मुलगी ते कागदावर उतरवून घेत होती. हे मिलिमीटर होते. एक ते तीन ही निरोगी खोली. चार किंवा त्याहून जास्त भरली आणि सळई लागताच रक्त आले, तर तिथे हिरडी दाताला सोडू लागली आहे असे समजायचे. माझा एकही दात किडलेला नव्हता, एकही ठणकत नव्हता, आणि तरीही मागच्या दाढांचे हाड झिजायला लागले होते.

दात दुखत नाहीत म्हणजे ते चांगले आहेत, हा समज इतका घट्ट आहे की आपली सगळी काळजी पांढरेपणा आणि कीड या दोनच गोष्टींभोवती फिरते. हिरड्यांचा आजार मात्र बहुधा न दुखताच वाढतो. म्हणून ज्यांना आजपासून तोंडाची निगा नीट घ्यायची आहे, त्यांनी सुरुवात हिरड्यांपासून करावी, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे.

आधी हे घडते कसे ते पाहू

सकाळी उठल्यावर जीभ दातांवरून फिरवली की एक बुळबुळीत थर लागतो. तो अन्नाचा नसून जंतूंचा थर असतो. ताजा असताना तो मऊ ब्रशने सहज निघतो. तसाच राहिला, तर लाळेतील कॅल्शियमसारखे क्षार त्यात साचून काही दिवसांत त्याचे किटण बनते, आणि मग ते कितीही घासले तरी घरी निघत नाही. खालच्या पटाशीच्या दातांच्या आतल्या बाजूला ते सर्वांत आधी चढते, कारण जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडे तिथेच उघडतात. किटणाच्या खरबरीत पृष्ठभागावर नवा थर लवकर बसतो, हिरडी सुजते आणि रक्त येऊ लागते. इथवरचा आजार पूर्ण बरा होऊ शकतो. दुर्लक्ष झाले, तर सूज खोल उतरते, दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड झिजू लागते. झिजलेले हाड सहसा भरून येत नाही; उपचाराने पुढची झीज थांबवता येते, इतकेच.

उरलेल्या शरीराशी याचा संबंध सर्वांत पक्का दिसतो तो मधुमेहात, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्यांत कायम धुमसणारी सूज इन्सुलिनचे काम बिघडवते. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) सरासरीने सुमारे ०.४ टक्क्याने उतरते, असे एकत्रित अभ्यासांत आढळले आहे. हा आकडा लहान वाटेल, पण एखादी जादा गोळी कधीकधी एवढाच फरक पाडते. हृदयविकाराच्या बाबतीत मात्र जपून बोलायला हवे. हिरड्या खराब असणाऱ्यांत तो अधिक आढळतो हे खरे. पण दात साफ केल्याने झटका टळतो असे अजून सिद्ध झालेले नाही, आणि तसे छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

पहिली पायरी : आरशासमोर पाच मिनिटे

चांगल्या उजेडात, ओठ बोटांनी वर-खाली ओढून पाहावे. निरोगी हिरडी घट्ट असते आणि दोन दातांच्या मध्ये टोकदार त्रिकोणासारखी बसलेली असते. तिचा रंग गुलाबीच असला पाहिजे असे नाही. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्यांवर जन्मतःच तपकिरी-काळसर छटा असते आणि तिच्यात काही गैर नसते. लालबुंद, फुगीर, चकचकीत कड, दोन दातांत नव्याने पडलेली फट, लांब दिसू लागलेला दात, बोटाने हलणारी दाढ, सकाळी उशीवर पडलेला रक्ताचा डाग किंवा न जाणारी तोंडाची दुर्गंधी, ही बिघाडाची लक्षणे आहेत. धूम्रपान करणाऱ्यांनी रक्त येत नाही यावर समाधान मानू नये, कारण तंबाखूच्या परिणामामुळे त्यांच्या हिरड्यांतून आजार असूनही रक्त कमी येते.

त्याच वेळी गालांची आतली बाजू, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखालचा भाग पाहून घ्यावा. पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर थांबू नये. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर तेही डॉक्टरांना दाखवावे. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांचे तोंड हळूहळू आखडत जाते, आणि तिखट खाल्ल्यावर होणारी आग ही त्याची पहिली खूण असते.

दुसरी पायरी : साधने

ब्रश मऊ केसांचा आणि लहान डोक्याचा घ्यावा. कडक ब्रशने दात स्वच्छ निघतात हा गैरसमज आहे. खसाखसा आडवे घासणाऱ्यांच्या दातांवर हिरडीलगत पाचरीसारख्या खाचा पडतात आणि मग गार पाणी लागले तरी दात शिवशिवतात. तीन-चार महिन्यांनी, किंवा केस फाकले तर त्याआधीच, ब्रश बदलावा.

टूथपेस्टच्या वेष्टणावर एकच गोष्ट शोधावी : कीड रोखणारे फ्लोराइड आहे का आणि किती. भारतातील नियमानुसार टूथपेस्टमध्ये ते १००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत १००० भागांपेक्षा) जास्त असू नये आणि प्रमाण वेष्टणावर छापलेले असावे. हजाराच्या जवळपासचा आकडा दिसला की झाले. कोळसा, मीठ, लवंग ही नावे पुढच्या बाजूला कितीही मोठी छापलेली असोत. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त असल्याने मुलांच्या दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे उठतात. तिथे मूळ प्रश्न पिण्याच्या पाण्याचा असतो. पेस्ट कोणती वापरावी हे स्थानिक दंतवैद्यांना विचारून ठरवावे.

कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी चावणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही, पण दाढांची आतली बाजू तिच्याने साधत नाही आणि फ्लोराइड तिच्यात नसते. राखुंडी आणि गेरू घातलेले लाल मंजन खरबरीत असते. ते बोटाने रोज रगडले, तर दाताचे वरचे आवरण झिजते.

मशेरीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण ती वापरणाऱ्या बहुतेकींच्या लेखी ते व्यसन नसतेच, ते दात घासणे असते. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजून त्यांची पूड करायची आणि बोटाने हिरड्यांवर फिरवून थोडा वेळ तशीच ठेवायची, हे माझ्या मावशीने चाळीस वर्षे केले. आधी सकाळी एकदा, मग जेवणानंतर, मग शेतावर निघताना. “मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही गं,” असे ती शेजारणींना सांगत असे, आणि ते खोटेही नव्हते. निकोटिनची सवय लागलेले शरीर तसेच वागते. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या पुडीपर्यंत तो कायदा पोहोचत नाही. मशेरीने जिथे ती ठेवली जाते तिथली हिरडी मागे सरते, मुळे उघडी पडतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ती सोडताना पहिले काही दिवस चिडचिड, डोकेदुखी, बद्धकोष्ठ होणारच, हे घरातल्यांनी आधी समजून घ्यावे आणि तिला बोल लावू नयेत. मदतीसाठी १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्याची राष्ट्रीय विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे.

तिसरी पायरी : घासण्याची पद्धत

पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. ब्रश पेनासारखा हलक्या हाताने धरावा. मुठीत धरला की जोर आपोआप वाढतो. केसांची टोके दाताच्या मध्यावर न ठेवता दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेषेवर, हिरडीच्या दिशेने तिरकी, साधारण ४५ अंशांत टेकवावीत. मग ब्रश जागचा न हलवता केस फटीत जातील इतकेच, अगदी लहान, पुढे-मागे थरथरवल्यासारखे हेलकावे द्यावेत. दहा-बारा हेलकाव्यांनंतर मनगट वळवून केस हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवून आणावेत. वरचे दात खाली, खालचे दात वर. असे दोन-दोन दातांचे टप्पे घेत बाहेरची बाजू, मग आतली बाजू, शेवटी दाढांचे चावण्याचे पृष्ठभाग. पटाशीच्या दातांच्या आत ब्रश उभा धरावा लागतो. अखेरीस जिभेवरून मागून पुढे दोन-तीन वेळा ब्रश किंवा जिभली फिरवावी.

याला किमान दोन मिनिटे लागतात, आणि घड्याळ लावून पाहिल्याशिवाय दोन मिनिटे किती मोठी असतात ते कळत नाही. उजव्या हाताने घासणाऱ्यांची बहुधा उजव्या बाजूच्या सुळ्याजवळची जागा आणि शेवटच्या दाढेची मागची बाजू सुटते. माझा सहाचा आकडा नेमका तिथलाच होता. शेवटी फेस थुंकून टाकावा, पण तांब्याभर पाण्याने खळखळून चुळा भरू नयेत, कारण त्यांच्याबरोबर फ्लोराइडही वाहून जाते. हे आपल्या सवयीच्या इतके विरुद्ध आहे की मला ते अंगवळणी पडायला महिना लागला.

दिवसातून दोनदा घासावे, आणि एकच वेळ साधणार असेल तर ती रात्रीची असावी. झोपेत लाळ फारच कमी सुटते, आणि दातांचे रक्षण करणारी मुख्य गोष्ट लाळच आहे.

पहिल्या आठवड्यात रक्त येईल. कदाचित आधीपेक्षा जास्त येईल, आणि बहुतेक लोक इथेच घाबरून ती जागा टाळू लागतात. तसे करू नये. सुजलेल्या हिरडीवरचा थर रोज निघत गेला, तर साधारण एक ते दोन आठवड्यांत रक्त कमी होते. दोन आठवड्यांनंतरही ते थांबले नाही, तर खाली किटण आहे असे समजून दंतवैद्यांकडे जावे.

चौथी पायरी : दोन दातांच्या मधली जागा

ब्रशचे केस दोन दातांच्या मध्ये पोहोचत नाहीत, आणि हिरड्यांचा आजार बहुधा तिथेच सुरू होतो. दात घट्ट लागून असतील तर फ्लॉसचा दोरा वापरावा : हातभर दोरा दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळून, करवतीसारखा हलवत आत न्यावा, एका दाताला कमानीसारखा बिलगवून हिरडीच्या किंचित खालपर्यंत उतरवावा आणि वर ओढावा, मग शेजारच्या दाताला. कचकन खाली दाबला तर हिरडी कापते. फटी रुंद असतील, तर त्यांच्या मापाचा बारीक गोल ब्रश अधिक सोपा आणि अधिक उपयोगाचा. जेवणानंतर काडीने किंवा टाचणीने दात कोरणे मात्र सोडून द्यावे. एकाच फटीत पुन्हा पुन्हा अन्न अडकत असेल, तर तिथे कीड किंवा हिरडीचा खळगा, म्हणजे हिरडी दाताला सोडल्याने झालेली खोल फट, असण्याची शक्यता असते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी सुजलेल्या हिरडीला आराम पडतो, पण गुळण्या तेलाच्या असोत वा औषधाच्या, त्यांनी चिकटलेला थर निघत नाही.

पाचवी पायरी : खाणे, आणि मुख्यतः खाण्याच्या वेळा

गोड खाल्ले की काही मिनिटांतच दातांवरचे जंतू आम्ल तयार करतात, आणि तिथला पीएच (आम्लता मोजण्याचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचे कवच विरघळू लागते. लाळेला ते सावरायला अर्धा ते एक तास लागतो. म्हणून साखर किती यापेक्षा ती किती वेळा, हे दातांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. जेवणात दोन जिलब्या खाणारा परवडला, पण कार्यालयात दिवसभरात पाच वेळा साखरेचा चहा आणि प्रत्येकाबरोबर दोन बिस्किटे घेणाऱ्याचे दात आम्लातून बाहेरच येत नाहीत. गूळ आणि मध यांना जंतू साखरेसारखेच वागवतात. चिक्की आणि खजूर दाढांच्या खळग्यांत बसून राहतात. बटाट्याचे वेफर्सही तसेच. लिंबू सरबत किंवा कोकम यांसारखे आंबट प्यायल्यावर लगेच ब्रश करू नये, कारण त्या वेळी कवच मऊ झालेले असते. पाण्याची चूळ भरून अर्धा तास जाऊ द्यावा.

सहावी पायरी : दंतवैद्यांकडे

दात साफ करून घेतले की ते हलू लागतात, ही भीती मी दहा जणांकडून तरी ऐकली असेल. खरे असे असते की आधीच सैल झालेले दात किटणाने एकमेकांना जखडून ठेवलेले असतात. ते निघाले की मूळची स्थिती कळते आणि फटी जाणवतात. सफाईच्या यंत्राचे टोक कंप पावते आणि पाण्याचा फवारा मारते. ते दाताचे कवच कापत नाही. नंतर काही दिवस दात शिवशिवतात. हिरडीचे खळगे खोल असतील तर बधिर करून मुळांचीही सफाई करावी लागते, आणि सुमारे तीन महिन्यांनी आकडे पुन्हा मोजावे लागतात. आपल्या आकड्यांचा कागद मागून घ्यावा आणि साखरेच्या रिपोर्टांच्या फायलीतच ठेवावा. तिसऱ्या महिन्यात माझ्या सहाचा चार झाला. पाच होते ते बरेचसे तीनवर आले, एक तसाच राहिला.

खर्चाची चिंता असणाऱ्यांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे आणि गोव्यात बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय. केस पेपर काढून सकाळ घालवायची तयारी ठेवावी. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ लागतो, पण माझ्या पाहण्यात तरी घाई केली जात नाही.

खुर्चीत बसण्यापूर्वी स्वतःहून काही गोष्टी सांगाव्यात. मधुमेह असेल तर खाऊन आणि गोळी घेऊन सकाळची वेळ घ्यावी, म्हणजे साखर एकदम उतरणार नाही. हृदयाची झडप बदललेली असेल किंवा पूर्वी हृदयाच्या आतल्या अस्तराला संसर्ग झालेला असेल, तर दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक घ्यावे लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगाव्यात, मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल औषधे किंवा इंजेक्शने घेत असाल, तर दात काढण्याआधी तेही सांगावे. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन आणि फिटची फेनिटॉइन ही औषधे काहींच्या हिरड्या वाढवतात. तसे दिसल्यास गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे. गरोदरपणात हिरड्या सहज सुजतात, आणि “आता नको, बाळंतपणानंतर पाहू” असे म्हणून उपचार पुढे ढकलण्याचे कारण नसते. चौथ्या ते सहाव्या महिन्यातला काळ त्यासाठी सोयीचा असतो.

घरातील लहान आणि थोर

पहिला दात आला की घासणे सुरू करावे : तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी, आणि सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश शेवटी आईवडिलांच्या हातात. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. आधीचा दात पडून ती आलेली नसल्याने तिलाही दुधाची समजून सोडून दिले जाते. ती मात्र कायमची असते. खेळताना कायमचा दात मुळासकट निखळला, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मूळ घासू नये, मळला असल्यास क्षणभर पाण्याखाली धरून पुन्हा त्याच खळग्यात बसवावा. ते जमत नसेल, तर दुधाच्या पेल्यात टाकून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्यांकडे न्यावे. दुधाचा दात असा परत बसवू नये.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या तोंडाकडे घरात सर्वांत शेवटी लक्ष जाते. तोंडात साठलेले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, आणि रोजच्या मुखस्वच्छतेने तो धोका कमी होतो. रुग्णाला शक्य तितके उठवून बसवावे किंवा कुशीवर वळवावे, मऊ ब्रश जेमतेम ओला करावा, पेस्ट अगदी कमी घ्यावी आणि फेस ओल्या कापडाने टिपत जावा. कवळी असेल तर ती रात्री काढून, मऊ ब्रश आणि साध्या साबणाने घासून, गार पाण्याच्या भांड्यात ठेवावी. उकळत्या पाण्यात घातली तर वाकडी होते आणि पुन्हा बसत नाही. कवळी काढल्यावर मागे राहिलेले बोळकेही ओल्या मऊ कापडाने पुसून घ्यावे, कारण पांढरी बुरशी तिथेच, टाळूवर, कवळीच्या आकाराच्या लाल चट्ट्यांच्या आसपास धरते.